एकदा लिहावे, सर्वत्र बोलवावे

कुंभकोणमहून तंजावरच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले की काही किलोमीटरांवरच तिरुवलंचुळी नावाचे एक लहानसे गाव लागते. तमिळमध्ये ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळि’ म्हणजे भोवरा अथवा वळसा. कावेरी येथे उजवीकडे वळसा घेऊन पुढे जाते, म्हणून हे नाव. गावात कपर्दीश्वराचे पुरातन देवालय आहे. परंतु यात्रेकरूंची पावले प्रथम वळतात ती तेथील श्वेतविनायकाकडे.

ह्या विनायकाची स्थळकथा तंजावर-कुंभकोणम भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना ठाऊकच असेल. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. देव समुद्रमंथनास प्रवृत्त झाले, पण गणेशपूजन करावयाचे राहून गेले. काम अडले, ते काही केल्या पुढे सरेना. कारण उमगल्यावर देवांनी समुद्राच्या फेसाचाच गणपती घडविला, त्याची पूजा केली आणि मग मंथन सुरळीत चालू झाले. तीच ही मूर्ती, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणूनच तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. केवळ भीमसेनी कापराची पूड वाहतात.

ह्या कथेतील एक प्रश्न मोठा व्यवहाराचा आहे. हाती घेतलेल्या कामात एखादी गोष्ट आणावयाची राहिली, तर काम तसेच पुढे रेटावे की जागीच थांबवावे? संगणकावर संकेतस्थळे रचणाऱ्यांना हा प्रश्न दररोज पडतो. आपल्या वाचककुटुंबांपैकी कित्येक घरांत आज एखादा मुलगा वा मुलगी शाळेचे, दुकानाचे, पतपेढीचे किंवा देवस्थानाचे संकेतस्थळ सांभाळत असते. त्या कामातील एका साध्या, पण फार महत्त्वाच्या रीतीविषयी ह्या वेळी बोलावयाचे आहे. ती रीत म्हणजे एका फाइलीत दुसरी फाइल बोलावून घेणे.

ताट आणि स्वयंपाकघर

पंगतीत बसलेल्या पाहुण्याला वाढलेले ताट दिसते, स्वयंपाकघर दिसत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. आपल्या भ्रमणध्वनीवर दिसणारे पान हे ताट होय. ते जेथे तयार होते त्या दूरच्या संगणकास ‘सर्व्हर’ म्हणतात, आणि तेथे कोणत्या क्रमाने काय करावयाचे हे सांगणाऱ्या ज्या भाषा आहेत, त्यांत ‘पीएचपी’ ही फार प्रचारात असलेली भाषा आहे. रॅस्मस लर्डॉर्फ ह्या गृहस्थांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानांच्या सोयीसाठी काही लहान साधने लिहिली, आणि १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. पुढे झीव सुरास्की व अँडी गुटमन्स ह्यांच्या साहाय्याने तिची नवी घडण होऊन १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. वर्डप्रेस हे जगभर वापरले जाणारे साधन ह्याच भाषेत लिहिलेले आहे. विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो ती मीडियाविकीदेखील ह्याच भाषेतली.

ह्या भाषेत ‘इन्क्लूड’ असा एक शब्द आहे. ‘इन्क्लूड’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत फाइलीचे नाव दिले, की सर्व्हर त्या ओळीवर थांबतो, नाव दिलेली फाइल उघडतो, तिच्यातील काम पुरे करतो आणि परत येऊन पुढची ओळ वाचू लागतो. एवढाच हा व्यवहार आहे.

चाळीस पानांचा हिशेब

समजा, कुंभकोणमच्या एखाद्या मराठी घरातील मुलीने परिसरातील देवालयांची माहिती देणारे संकेतस्थळ करावयाचे ठरविले. कुंभेश्वर, शार्ङ्गपाणी, चक्रपाणी, रामस्वामी ही गावातली देवळे. दारासुरमचे ऐरावतेश्वर, स्वामिमलै, तिरुवलंचुळी ही जवळपासची. अशी चाळीस पाने झाली. प्रत्येक पानावर वरच्या बाजूस संकेतस्थळाचे नाव व मुख्य दुवे. खाली यात्रेकरूंसाठी सूचना, चौकशीचा दूरध्वनी आणि अन्नदानासाठी देणगी पाठवावयाची असल्यास बँकेच्या खात्याचा क्रमांक.

कुंभकोणमला दर बारा वर्षांनी महामहम् पर्व येते. मागचे २०१६ मध्ये झाले. पुढचे २०२८ मध्ये आहे. पर्वकाळात लाखो लोक येतात, वाहनांचे मार्ग बदलतात, दर्शनाच्या वेळा बदलतात. सूचना चाळीस पानांवर चाळीस वेळा लिहिलेली असेल, तर ती चाळीस वेळा बदलावी लागेल. माणूस कितीही दक्ष असला तरी सदतिसाव्या पानापर्यंत डोळे थकतात. तीन पानांवर जुनीच वेळ राहते, आणि नेमके त्यांतलेच एक पान वाचून दूरगावचे एखादे वृद्ध दांपत्य बंद दाराशी येऊन उभे राहते.

हीच सूचना एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवली आणि चाळीस पानांतून तिला फक्त बोलावणे धाडले, तर बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी मासिकाची नावपट्टी आणि वर्गणीचा मजकूर एकदाच जुळवून, सुतळीने बांधून ठेवीत आणि प्रत्येक अंकाच्या वेळी तोच उचलून चौकटीत बसवीत. दर महिन्यास नव्याने खिळे जुळविण्याचे श्रम वाचत आणि नव्या चुकाही टळत. ‘इन्क्लूड’मागे हाच विचार आहे.

शासकीय कामात ह्याचे महत्त्व अधिकच. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा छत्तिसावा जिल्हा झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. तमिळनाडूत २०२० मध्ये मयिलाडुतुरै हा अडतिसावा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यांची यादी जेथे एकाच फाइलीत असते, तेथे असा बदल एका ओळीचा असतो. ती जेथे शंभर अर्जांत शंभर वेळा लिहिलेली असते, तेथे एखाद्या अर्जात आपला जिल्हाच सापडत नाही, आणि नागरिकाला वाटते की चूक आपलीच.

येथे एक शंका येईल: वरची पट्टी जर सर्व पानांवर एकच, तर प्रत्येक पानाचे वेगळे नाव तिच्यात कसे उमटावे? त्याचीही सोय आहे. बोलावलेल्या फाइलीला, बोलावणाऱ्या पानाने त्या ओळीपर्यंत जे जे ठरविले असेल ते सर्व वापरता येते. जणू तिचा मजकूर त्याच जागी लिहिलेला होता. पानाने आरंभी ‘शीर्षक म्हणजे तिरुवलंचुळी’ असे ठरवून मग वरच्या पट्टीला बोलावले, तर पट्टीवर तिरुवलंचुळी उमटते. दारासुरमच्या पानावर दारासुरम उमटते. मात्र क्रम चुकता कामा नये. आधी ठरवावे, मग बोलवावे.

थांबावे की पुढे जावे?

आता देवांपुढे उभा राहिला तोच प्रश्न. बोलावलेली फाइल जागेवर सापडलीच नाही तर?

पीएचपीत ह्याची दोन उत्तरे आहेत आणि त्यासाठी दोन शब्द आहेत. ‘इन्क्लूड’ म्हणून बोलावले व फाइल सापडली नाही, तर सर्व्हर एक इशारा नोंदवितो आणि पुढे चालू लागतो. ‘रिक्वायर’ म्हणून बोलावले व ती सापडली नाही, तर काम तेथेच थांबते. तिरुवलंचुळीच्या कथेतील गणेशपूजन हे ‘रिक्वायर’ प्रकारचे होते. त्यावाचून मंथन पुढे जाऊच शकले नाही.

नवशिक्यास वाटते की न थांबणारा शब्दच बरा. पान अर्धेमुर्धे तरी दिसेल. पुष्कळदा ते खरेही असते. ‘आजचा सुविचार’ दाखविणारी फाइल हरवली म्हणून सारे संकेतस्थळ बंद पडू देण्यात शहाणपण नाही. परंतु दुसरे उदाहरण पाहा. देवालयांच्या आपल्या संकेतस्थळावर मजकूर बदलण्यासाठी एक आतले पान आहे. त्या पानाच्या आरंभी एक लहान फाइल बोलावली जाते. आलेली व्यक्ती ओळखीची आहे की नाही हे ती तपासते, आणि नसेल तर तिला तेथूनच परत पाठविते. ही फाइल म्हणजे दारावरचा रखवालदार. एके दिवशी आवराआवर करताना तिचे नाव बदलले गेले. पान जर तिला ‘इन्क्लूड’ने बोलावीत असेल, तर रखवालदार आला नाही एवढी नोंद होईल, आणि दार मात्र उघडेच राहील. कोणीही आत यावे आणि देणगीच्या खात्याचा क्रमांक बदलावा. तो क्रमांक एकाच फाइलीत लिहिलेला असल्यामुळे चाळीसही पानांवर क्षणात परक्याचे खाते झळकेल, आणि अन्नदानासाठी म्हणून धाडलेला पैसा भलत्याच्या हाती जाईल. ‘रिक्वायर’ असते तर पान उघडलेच नसते. त्या दिवशी थोडी गैरसोय झाली असती, एवढेच.

तेव्हा नियम असा ठेवावा: जिच्यावाचून पान केवळ उणे दिसेल, तिच्यासाठी ‘इन्क्लूड’, जिच्यावाचून पान चुकीचे वा धोक्याचे होईल, तिच्यासाठी ‘रिक्वायर’.

ह्या दोन्ही शब्दांना ‘वन्स’ जोडून आणखी दोन शब्द होतात. त्यांचा अर्थ, ही फाइल आधीच येऊन गेली असेल तर पुन्हा बोलावू नये. हिशेबाची एखादी कृती सांगणारी फाइल दोन वाटांनी दोनदा आली, तर ‘ही कृती आधीच ठरलेली आहे’ म्हणून सर्व्हर काम बंद करतो. अशा फाइली ‘वन्स’ लावून बोलवाव्यात. पहिल्या फाइलीने दुसरीला आणि दुसरीने पुन्हा पहिलीला बोलावण्याचा भोवराही ‘वन्स’मुळे टळतो, नाही तर सर्व्हर त्यात गरगरत राहून अखेर त्याची स्मरणशक्ती संपते. गंमत अशी की, ‘पीएचपी’ ह्या नावातच असा एक भोवरा आहे. त्यातील पहिले अक्षर ‘पीएचपी’ ह्याच शब्दाचे आद्याक्षर मानतात!

पत्ता पुरता लिहावा

‘समोरच्या घरी जा’ ह्या सांगण्याचा अर्थ आपण कोठे उभे आहोत ह्यावर अवलंबून असतो. फाइलीचे नुसते नाव लिहून बोलावणे हे असेच असते. मुख्य फोल्डरातील पानाला फाइल सापडते; तमिळ पानांसाठी आत वेगळा फोल्डर केला की तेथील पानाला ती सापडेनाशी होते, अथवा त्याच नावाची भलतीच फाइल सापडते. ह्यावर उपाय म्हणून २००९ मध्ये निघालेल्या ५.३ ह्या आवृत्तीपासून भाषेत ‘ही फाइल ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर’ असा अर्थ सांगणारा एक तयार शब्द आहे. पत्त्याचा आरंभ त्यापासून केला म्हणजे वाट चुकत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये साठविताना काही संपादके, विशेषतः विंडोजमधील जुने नोटपॅड, फाइलीच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइटांची एक खूण ठेवून देतात. अशी फाइल बोलावली की ती खूण पानाबरोबर बाहेर पडते. त्यानंतर पाहुण्याला दुसऱ्या पानाकडे वळवावयाचे असेल वा त्याची ओळख ठेवावयाची असेल, तर सर्व्हर म्हणतो की उत्तर पाठविण्यास आरंभ झाला, आता ते जमणार नाही. डोळ्यांना काहीच दिसत नसल्याने माणूस तासन् तास चूक शोधीत बसतो. फाइल साठविताना ‘खुणेविना युनिकोड’ हा पर्याय निवडावा. फाइलीच्या अखेरीस मोकळ्या ओळी राहूनही हाच घोटाळा होतो. म्हणून केवळ आज्ञा असलेल्या फाइलीत शेवटची समाप्तिखूण न लिहिण्याचा प्रघात आहे.

स्वामिमलैचा साचा आणि विकिपीडियाचा साचा

तिरुवलंचुळीजवळच स्वामिमलै आहे. तेथील मूर्तिकार पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती करावयाची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण वाहू द्यावयाचे आणि पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. थंड झाल्यावर साचा फोडावा लागतो; म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते आणि प्रत्येक मूर्ती निराळी असते.

मराठी विकिपीडियावरही ‘साचा’ असतो. अनेक लेखांत सारखाच यावयाचा मजकूर एका स्वतंत्र पानावर लिहितात आणि लेखात दुहेरी महिरपी कंसात त्याचे नाव घालून त्याला बोलावतात. तमिळ विकिपीडियात ह्यालाच ‘वार्प्पुरु’ म्हणतात. ‘वार्प्पु’ म्हणजे ओतकाम आणि ‘उरु’ म्हणजे आकार. शब्द मूर्तिकारांच्या ओळखीचा, पण हा साचा फुटत नाही. तो शेकडो लेखांत एकाच वेळी नांदतो आणि त्यात केलेला बदल त्या सर्व लेखांत उतरतो. त्यामुळेच एखाद्याने खोडसाळपणे तो बिघडविला, तर शेकडो लेख बिघडतात. ह्याच कारणाने फार वापरात असलेल्या साच्यांवर संरक्षण ठेवून, ते बदलण्याची मुभा थोड्याच अनुभवी मंडळींना देतात. सामाईक वस्तू जितकी उपयोगी, तितकी तिची राखण कडक असावी लागते.

परक्यास आत बोलावू नये

ह्या विषयातील सर्वांत मोठी जोखीम अखेरीस सांगतो. काही जण पानाच्या पत्त्यातच फाइलीचे नाव स्वीकारतात. पाहुण्याने पत्त्यात ‘वेळा’ लिहिले की वेळांची फाइल बोलवावयाची, ‘मार्ग’ लिहिले की मार्गांची. रचना सुटसुटीत दिसते. परंतु आता कोणाला बोलवावयाचे हे घरधन्याने न ठरविता पाहुण्याने ठरविले! दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’ अशी खूण असते. ती वारंवार लिहून एखादा भामटा आपल्या सर्व्हरमधील भलत्याच खोलीपर्यंत पोहोचू शकतो. पूर्वी तर त्याला आपल्या स्वतःच्या संगणकावरील फाइलीचा पत्ता देऊन तीमधील आज्ञा आपल्या सर्व्हरकडून करवून घेता येत. २००६ मध्ये निघालेल्या ५.२ ह्या आवृत्तीपासून दूरच्या पत्त्यावरून फाइल बोलावण्याची मुभा मुळातच बंद ठेवलेली असते. ती कोणाच्याही सांगण्यावरून उघडू नये. आपल्याच फाइलींसाठीही चालणाऱ्या नावांची यादी करावी आणि नाव यादीत असेल तरच फाइल बोलवावी. पाहुण्याने लिहिलेला शब्द जसाच्या तसा ‘इन्क्लूड’च्या पुढे कधीही ठेवू नये.

दुसरी काळजी परवलीच्या शब्दाची. यात्रेकरूंची नावे व दूरध्वनी ज्या कोठारात साठवितात, त्याचा परवलीचा शब्द एका वेगळ्या फाइलीत ठेवून तिला बोलावण्याची चांगली रीत आहे. पण जुन्या वहिवाटीप्रमाणे कित्येक जण त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘पीएचपी’ न लिहिता ‘आयएनसी’ लिहीत. अशी फाइल कोणी थेट पत्ता टाकून मागितली, तर सर्व्हर तीमधील आज्ञा न पाळता ती जशीच्या तशी वाचावयास देऊन टाकतो. नावाच्या शेवटी ‘पीएचपी’ असावेच. आणि ती फाइल बाहेरच्यांना मागता येणाऱ्या फोल्डरात ठेवूच नये. घरातील किल्ल्या आपण ओसरीवरच्या खुंटीला टांगीत नाही.

तिसरी गोष्ट दुसऱ्यांनी लिहिलेल्या फाइलींची. २०१२ पासून ‘कंपोझर’ नावाचे साधन उपलब्ध आहे. त्याच्यामुळे एका ‘रिक्वायर’ने इतरांनी रचलेल्या शेकडो फाइली आपल्या कामास येतात. ही फार मोठी सोय आहे. पण त्या कोणी लिहिल्या, त्यांची देखभाल अजून चालू आहे का, आणि आपण घेतलेली आवृत्ती जुनी तर झाली नाही, हे वेळोवेळी पाहावयास हवे.

वाचकहो, आपण स्वतः संगणकाचे काम करीत नसाल, तरी हे ज्ञान वाया जाणारे नाही. संस्थेचे वा दुकानाचे संकेतस्थळ कोणाकडून करून घ्यावयाचे असेल, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आमचा पत्ता व खात्याचा क्रमांक किती ठिकाणी लिहिला आहे? ओळख पटविणारी फाइल सापडली नाही, तर पान थांबेल की पुढे जाईल? परवलीचा शब्द कोठे ठेवला आहे? जाणत्या माणसाला ही उत्तरे एका वाक्यात देता येतील. आणि हे काम आपल्याच घरातील मुलाकडे वा मुलीकडे असेल, तर ह्या रविवारी त्यांच्याशेजारी बसून हेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे शोधताना दोघांचेही शिक्षण होईल.